घरातला गोधडीचा धंदा आणि आम्ही

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने आम्हाला 'कामगार चळवळ : काल आणि आज' हा विषय दिला होता. या विषयावर आम्ही याच जागी उभे राहून तीनदा बोललो आहोत. समोर बसलेल्या काहींना आमची वाक्यं पाठ झाली असतील. म्हणून यंदा समितीची परवानगी घेऊन विषय बदलला. आज आम्ही गोधडीवर बोलणार आहोत. हसू नका. हाही कामगार चळवळीचाच विषय आहे, फक्त तो आम्हाला फार उशिरा कळला.

गोधडी म्हणजे गरिबाचं पांघरूण, जुनेराचं गाठोडं, असं आपण धरून चालतो. विनयपिटकातल्या महावग्गात एक गोष्ट आहे. मगध देशातली बांध घालून आखलेली शेतं पाहून भगवंतांनी आनंदाला विचारलं, या नमुन्याचं चीवर भिक्खूंसाठी करता येईल काय? आनंदाने कापडाचे तुकडे जोडून तसं चीवर शिवलं. भन्तेजींच्या अंगावरचं चीवर जवळून पाहा, ते आजही तुकडे जोडूनच केलेलं असतं. हे आम्हाला भन्तेजींनीच समजावून दिलं. पण तेवढं सांगून पुढे जातो, कारण आमचा विषय चीवराचा नाही. पैसे घेऊन, तारीख देऊन, दुसऱ्याच्या ऑर्डरीने घरात बसून शिवलेल्या गोधडीचा आहे. आणि ती शिवताना घराचं काय होतं, त्याचा आहे.

आमच्या घरात गोधडीने पोट भरण्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ संपाची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक. दोन महिने झाले, उधारी बंद झाली, तशी वडिलांनी आईला आणि आम्हा भावंडांना खटाव तालुक्यातल्या गावी पाठवून दिलं. गावी आमची जमीन बावीस गुंठे, तीही कोरडवाहू. आई आळीतल्या आणि वरच्या गावातल्या लोकांच्या वाकळा शिवायची. कापड त्यांचं, सुईदोरा आईचा. एका वाकळेला दोन पायल्या ज्वारी. पावसाळ्याआधी अशी कामं बरी मिळायची. रात्री चिमणीच्या उजेडात ती शिवायची आणि आम्ही त्याच वाकळेच्या दुसऱ्या टोकावर झोपायचो. सकाळी उठलो की टाके आमच्या डोक्यापर्यंत आलेले असायचे.

पुढे वडील कधी संपाच्या आठवणी सांगायला बसले की म्हणायचे, गावच्या जमिनीनं तारलं. बावीस गुंठे! आई तिथंच भाकऱ्या थापत असायची, काही बोलायची नाही. आम्हालाही ते खोटं वाटलं नाही. एवढं वाचन केलं, रात्रशाळा केली, बाबासाहेबांचे खंड आणून वाचले, पण घरातली ही गोष्ट डोळ्यांपुढे असून दिसली नाही.

आम्ही १९८९ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. साचेखातंच. मागाच्या आवाजात तीस वर्षं गेली. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनी विकल्या गेल्या, चिमण्या पडल्या. आमची मात्र रडतखडत चालू होती. ती २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. हातात येणारा पैसा निम्म्यावर आला, मग त्याचाही भरवसा राहिला नाही. घरात माणसं पाच. म्हातारी आई, आम्ही दोघं, कॉलेजच्या उंबऱ्यावरची मुलगी आणि शाळेतला मुलगा.

त्या टाळेबंदीत आमच्या मंडळींनी शेजारच्या बाळंतिणीसाठी एक दुपटं शिवलं. दुकानं बंद, बाळ तर जन्मलेलं. आईची जुनी सुती नऊवारी फाडून आठ पदरी दुपटं केलं. त्याचा फोटो कुणीतरी मोबाइलवर कुणाला पाठवला, त्याने पुढे पाठवला. दोन महिन्यांत सात दुपटी आणि दोन मोठ्या गोधड्यांची मागणी आली. दादरच्या एका बाई आईच्या वारल्यानंतर तिच्या पाच साड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, यांची एकच गोधडी करा, पण कुठलाही काठ कापू नका. आमच्या मंडळींनी पाचही काठ वरच्या बाजूला येतील अशी मांडणी केली. त्या बाई गोधडी न्यायला आल्या, ती उलगडली, नाकाला लावली आणि दारातच खाली बसल्या. त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटलं, आपलं निभेल.

आता काम कसं होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचा हिशेब त्यावर आहे.

कापड आलं की आधी ओळखायचं. इथे आमचं गिरणीतलं शिक्षण उपयोगी पडलं. साडीच्या कडेचा एक दोरा ओढून जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन-पॉलिस्टर असेल तर वितळून त्याची टणक गोळी होते. तसली साडी गोधडीत घातली तर टाके सरकतात, घाम शोषत नाही, बाळाला तर अजिबात नको. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघायचं. नवीन कापड असेल तर शिवण्याआधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळी गोधडी चुरगळते. पुसलेल्या फरशीवर खालचं कापड ताणून अंथरायचं, त्यावर आतले थर, त्यावर वरचं. चारी कोपऱ्यांवर वजनं. आमच्याकडे दोन पाटे-वरवंटे आणि आईचा डबा. मग मोठे कच्चे टाके घालून थर बांधून टाकायचे आणि कडेपासून धावदोरा धरून फेऱ्या घालत आत यायचं. बोटाला अंगुस्तान नसेल तर चौथ्या दिवशी बोट सुजतं. मशीन फक्त कडा मारायला. सगळी गोधडी मशीनवर मारली तर ती लवकर होते, पण पुठ्ठ्यासारखी कडक होते. मऊपणासाठी लोक आमच्याकडे येतात, पुठ्ठा त्यांना दुकानात मिळतो.

आता जागेचं. आमची खोली १६० चौरस फुटांची. मोठी गोधडी ६० इंच बाय ९० इंच, म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. अंथरली की खोलीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. उरलेल्यात मोरी, ओटा, कपाट, कॉट. कॉटवर आई. बाकीच्यांनी भिंतीला धरून चालायचं. मुलगा शाळेतून आला की दारातूनच विचारायचा, "आई, आत येऊ का?" स्वतःच्या घरात!

तर असा हा धंदा दोन वर्षं वाढत गेला आणि आम्ही बाहेर सांगत सुटलो. थकबाकीसाठी बैठका चालायच्या, मोर्चे निघायचे, तिथे सहकारी विचारायचे, कसं चाललंय? आम्ही छाती काढून म्हणायचो, "आम्ही गोधड्या शिवतो. गिरणी गेली म्हणून काय झालं, कापड नाही सुटलं." याच विहारात, याच माइकवरून आम्ही स्वावलंबनाचं उदाहरण म्हणून हे सांगितलं आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

२०२३ च्या जानेवारीत एक व्यापारी आला. त्याचं नाव, गाव घेत नाही. वीस गोधड्या, १५ मार्चपर्यंत. कापड त्याचं, भरण त्याचं, शिलाई साडेतीनशे रुपये नग. एकदम सात हजार. आम्ही हो म्हणून बसलो. 'आम्ही' म्हणजे खरोखर आम्ही एकटेच. मंडळी मोरीत धुणं धूत होत्या. त्यांना नंतर सांगितलं.

आणि त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चात मुलीची बारावी.

मुलगी अभ्यासाला गॅलरीत बसायची, बाहेरच्या दिव्याखाली. येणारे-जाणारे तिच्या वह्या ओलांडून जायचे. जेवण कधी नऊला, कधी साडेदहाला. मुलगा दोन-तीनदा डबा न घेताच शाळेत गेला. एकदा सुई फरशीवर राहिली आणि त्याच्या टाचेत मोडली. ती काढायला दवाखान्यात जावं लागलं. मंडळींची मान एका बाजूला धरली ती धरलीच. आम्ही बैठकीहून यायचो आणि विचारायचो, किती झाल्या?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई कॉटवरून हात खाली सोडून तयार होत आलेल्या गोधडीवरून बोटं फिरवत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, बारीक दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. एका जागी हात थांबवून ती म्हणाली, "ह्या तीन फेऱ्या सुनबाईच्या न्हाईत. हा हात येगळा हाय."

टाक्याचं अक्षरासारखं असतं. प्रत्येकाचं वळण वेगळं. कुणाचा टाका लांब, कुणाचा तिरपा. त्या तीन फेऱ्या मुलीच्या होत्या. आदल्या रात्रीच्याच नव्हे, चार-पाच गोधड्यांत तिचा हात निघाला. आम्ही झोपल्यावर, आईची मान दुखते म्हणून ती रात्री दोन-दोन तास शिवत होती आणि पहाटे पुस्तक उघडायची. आईने नको म्हटलं की म्हणायची, "वीस पूर्ण झाल्या की तू झोपशील ना?"

आम्ही मंडळींवर आवाज चढवला. इथे लपवण्यात अर्थ नाही, चाळीत सगळ्यांनी ऐकलाच आहे. बारावीच्या मुलीला रात्री शिवायला बसवता, शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, बाबासाहेबांचं नाव घेता, असं बरंच. मंडळींनी सगळं ऐकून घेतलं. मग सुई कापडात खोवली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही बाहेर सांगता आम्ही शिवतो, आम्ही शिवतो. आम्ही म्हणजे कोण? तुम्ही एक टाका घातलाय का?"

आम्ही उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. आई कॉटवरून म्हणाली, "इचार तुझ्या बापाला बी, जमिनीनं कसं तारलं त्ये." वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

त्या दिवशी आम्ही बैठकीला गेलो नाही. वही घेऊन बसलो. आयुष्यभर मालकाकडे कामाचा हिशेब मागितला, आज घरातला मांडला. टाक्याच्या दोन ओळींत एक इंचाचं अंतर. ६० इंच रुंदीत ६० ओळी, प्रत्येक ९० इंचांची. झाले ५४०० इंच, म्हणजे १५० यार्ड. फेऱ्या गोल घातल्या तरी दोरा साधारण तेवढाच. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीत २१,६०० टाके. घड्याळ लावून पाहिलं, ९० इंचांची एक ओळ व्हायला पंचवीस मिनिटं. साठ ओळींना पंचवीस तास. धुणं, मांडणं, कच्चे टाके, कडा यांचे सात. एकूण बत्तीस तास. गिरणीच्या हिशेबाने चार पाळ्या. चार पाळ्यांचे साडेतीनशे रुपये. तासाला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत.

पुढे मांडलं. वीस गोधड्यांना सहाशे चाळीस तास. १० जानेवारी ते १५ मार्च दिवस चौसष्ट. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज दहा तास. आणि हे पाणी, स्वयंपाक, धुणं, भांडी, आईचं औषधपाणी सगळं सोडून. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला, हे आम्ही किती सभांत सांगितलं असेल. आणि आमच्या खोलीत सत्तर तासांचा आठवडा चालू होता, तो आम्हीच ठरवून आणला होता. मालक शोधायला बाहेर जायची गरज नव्हती.

व्यापाऱ्याला निरोप दिला की तेरा झाल्या आहेत, बाकीच्या होणार नाहीत. तो बराच बोलला. दोन गोधड्यांत दोष काढून त्यांचे पैसे कापले. नंतर एका प्रदर्शनात मंडळींनी स्वतःच्या हातची गोधडी ओळखली. चिठ्ठीवर किंमत बावीसशे.

मुलगी भौतिकशास्त्रात राहिली. जुलैत पुन्हा बसली आणि निघाली, पण तिला ज्या कोर्सला जायचं होतं त्याचे प्रवेश तोवर झाले होते. वर्ष गेलं. आज ती कॉलेजात आहे, ती यावर एक शब्द बोलत नाही. आमच्या मनात मात्र ते आहे.

त्यानंतर घरात जे ठरलं ते आता सांगतो. हे एका दिवसात ठरलं नाही, भांडत भांडत सहा-आठ महिने लागले.

पहिलं म्हणजे ऑर्डर कोण घेणार. जी शिवते ती. आमच्या मोबाइलवर कुणाचा फोन आला तर आम्ही तो त्यांच्या हातात देतो, भाव बोलत नाही. दर तासावर लावला. तासाला पन्नास, म्हणजे मोठी गोधडी सोळाशे, बाळाचं दुपटं तीनशे. कापड गिऱ्हाइकाचं, निम्मे पैसे आधी. दर ऐकून बरेच लोक परत जातात. एक बाई म्हणाल्या, जुन्या कापडाचे सोळाशे? मंडळींनी त्यांना सांगितलं, कापडाचे काहीच घेत नाही हो, टाक्यांचे घेते, मोजून घ्या. महिन्याला चार गोधड्या, पाचवी नाही. चार म्हणजे एकशे अठ्ठावीस तास, रविवार सोडून रोजचे पाच. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, मध्ये तासभर जेवण. सात वाजता गोधडी गुंडाळून कॉटखाली. सातनंतर फरशी पोरांची. परीक्षेच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, फक्त दुपटी. पावसाळ्यात वाळायला जागा नसते, तेव्हाही कमी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला सुईला हात नाही.

दुसरं, आमचं काम. सकाळचं पाणी भरणं आमच्याकडे आलं. भाजी आणणं, संध्याकाळचा भात आणि कालवण आमच्याकडे. आम्ही सकाळी दहा ते दोन एका छापखान्यात बाइंडिंगला जातो, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. पहिला महिना घरातल्यांनी काय काय गिळलं ते त्यांनाच माहीत. चाळीत थोडी चेष्टा झाली. आईसुद्धा म्हणाली, "बाप्या चुलीम्होरं बसलेला म्या पयल्यांदा बघतीया." पण तीच म्हातारी पुढच्या आठवड्यात कॉटवरून सांगायला लागली, मीठ आत्ता नको, उकळी येऊ दे. मुलगा शाळेला जाण्याआधी दहा सुया ओवून ठेवतो, कारण मंडळींनाही आता चष्म्याशिवाय ओवता येत नाही. आणि गिरणीत पाळी बदलताना जसं सगळं ताब्यात द्यायचं तसं सात वाजता सुया मोजून डब्यात. सकाळी बारा काढल्या तर संध्याकाळी बारा. एक कमी असेल तर कुणी खाली बसायचं नाही.

आणि आम्ही शिवायला शिकलो. आईने शिकवलं. हाताला मागाची सवय, सुई सापडेना. आईने बोट फिरवून निकाल दिला, "कुत्र्यानं चावल्यावानी." आता आमचे टाके आतल्या थरांना चालतात, वर यायला अजून लायक नाहीत. पण दीड-दोन तास मान खाली घालून शिवलं की काय होतं ते कळलं. आम्ही मागावर आठ तास उभे राहिलो आहोत, पण हे दुखणं वेगळं आहे.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. शेजारी रात्रपाळीला जाणारा सिक्युरिटी गार्ड आहे. तो दुपारी दोनपर्यंत झोपतो. मशीनचा आवाज भिंतीतून जातो, म्हणून कडा मारायच्या त्या दोननंतरच. जुन्या कापडाचा भुगा उडतो. आम्ही गिरणीतला खोकला पाहिलेला आहे, वडिलांना होता, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडाला फडकं, पण उन्हाळ्यात फडकं कोण टिकवतो? पाहुणे आले की अंथरलेली गोधडी गुंडाळावी लागते आणि पुन्हा मांडताना थर सरकतात. वेळ ठरवली तरी कुणाचं लग्न, कुणाचं मयत, महिन्यातले चार दिवस असेच जातात. पैसा म्हणाल तर महिन्याला सहा हजारांच्या आसपास, दोरा वजा जाता. एवढ्यात घर चालत नाही, फक्त उधारी होत नाही. मंडळी कधी म्हणतात, पाच घेऊ या का यंदा? आणि मुलीची फी समोर असते, तेव्हा नाही म्हणायला आमची जीभ उचलत नाही. दोनदा पाच घेतल्या आहेत.

काही बांधवांनी आम्हाला सांगितलं की हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे, विहाराच्या व्यासपीठावर कशाला? त्यांच्यासाठी एक उदाहरण. अहमदाबादला गिरण्या होत्या, तशा गिरण्यांच्या चिंध्याही होत्या. त्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या बायका आपापल्या घरात बसून व्यापाऱ्याचं काम करायच्या, एकीचा दर दुसरीला माहीत नसायचा. त्याच शहरात इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना काढली होती. या बायका तिच्यात एकत्र आल्या, त्यांनी दर वाढवून मागितला आणि पुढे स्वतःची सहकारी संस्था उभी केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात घरी बसून दुसऱ्यासाठी मजुरीवर काम करणाऱ्याला कामगार म्हटलं आहे. घरकामगार म्हणजे इथे भांडी घासणारी बाई नव्हे, घरात बसून खोळ शिवणारी, विडी वळणारी, बटणं लावणारी. आम्ही १९९६ साली गिरणीच्या गेटवर भाषणं करत होतो. त्या वर्षी हे वाचलं असतं तरी आमच्या आईशी त्याचा संबंध जोडला असता की नाही, शंका आहे.

आपल्या चाळींत घरी बसून काम करणाऱ्या बायका किती आहेत? मंडळींनी सहज बोटं मोजली तर आमच्या मजल्यावरच चार निघाल्या. एक इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवते, एक साड्यांना फॉल-बीडिंग करते, एक पोळ्यांचे डबे देते, आणि आमच्या घरची. कुणाला कुणाचा दर माहीत नाही. विचारलं तर लाजतात. हे भाषण ठरल्यावर मंडळींना आम्ही म्हटलं, तुम्हीच बोला. त्या म्हणाल्या, "माइकवर नको, मला तिथे दुसरं काम आहे." त्या मागे बसल्या आहेत, महिला मंडळाच्या चटईवर, आणि बाकीच्या तिघींशी त्यांचं आधीच बोलणं झालेलं आहे. त्यांचा निरोप तेवढा आम्ही इथे सांगायचा आहे. तो असा.

विहाराचा हॉल दुपारी बारा ते चार रिकामा असतो. वंदना सकाळी आणि संध्याकाळी. हॉलमध्ये एका वेळी चार गोधड्या अंथरता येतील, आम्ही पावलांनी मोजून पाहिलं आहे. खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत, भुगा बाहेर जाईल. आठवड्यातले तीन दिवस या बायकांना तिथे बसू द्यावं. तिथे बसल्या की घरातली फरशी पोरांना मोकळी राहील. आणि एकत्र बसल्या की दरांचं बोलणं आपोआप निघेल, ते काढायला कुणा पुढाऱ्याची गरज नाही. महिना-दोन महिने चालवून पाहावं, नाही जमलं तर बंद करावं. विजेचं बिल वाढलं तर वाढीव रक्कम त्या भरणार आहेत, तसं त्यांनी ठरवलंय.

समितीतल्या काहींचा आक्षेप आम्हाला माहीत आहे. विहारात धंदा नको. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आम्ही तो उडवून लावत नाही. विक्री तिथे होणार नाही, गिऱ्हाईक तिथे येणार नाही, पैशाची देवघेव घरीच. फक्त बसून शिवायचं. भन्तेजींचं मत घ्यावं आणि पुढच्या बैठकीत हा विषय ठेवावा. त्या बैठकीला महिला मंडळाच्या दोघींना बोलवावं, नाहीतर पुन्हा आम्हीच त्यांच्या वतीने बोलत बसू.

हॉलची चावी कुणाकडे राहणार, एवढं समितीने ठरवावं. चारनंतरची झाडलोट आणि सुया मोजून घेणं आम्ही करू. आम्ही म्हणजे आम्ही पुरुष. तीन जणांनी नावं दिली आहेत, चौथा हवा आहे.

जयभीम.